जीपमधून न दिसणारी शाळेची वाट

प्रश्न :

मॅडम, मी एका मोठ्या शहराभोवतीच्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात रचना सहायक आहे. नोकरीला दोन वर्षं झाली. आमच्या हद्दीतल्या एका गावामधून राज्यमार्ग जातो. अलीकडे गावठाण आणि जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, पलीकडे आठवीपासूनचं विद्यालय आणि त्याच्या मागे गेल्या सहा-सात वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या. म्हणजे तिकडची लहान मुलं रस्ता ओलांडून इकडे येतात आणि इकडची मोठी तिकडे जातात. ऑगस्टमध्ये आठवीतल्या एका मुलाच्या सायकलला पाण्याच्या टँकरची धडक बसली. पाय मोडला, जीव वाचला. गावानं रास्ता रोको केला. जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीत विषय निघाला आणि 'सुरक्षित शालेय मार्गाचा आराखडा' करायचं काम आमच्याकडे आणि तिथून माझ्या टेबलावर आलं.

साहेबांच्या मनात चार किलोमीटरचा सायकल ट्रॅक आणि विद्यालयासमोर पादचारी पूल आहे. सल्लागार नेमून डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करायचा म्हणतात. मी त्याप्रमाणे आराखडा काढून पालकांच्या बैठकीत दाखवला. एक बाई उठून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही या रस्त्यानं कधी चालत आलाय का?" मी ऑफिसच्या जीपनं गेले होते. मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून तो आराखडा उघडायची इच्छा होत नाही.

सुरुवात कुठून करू? साहेबांना न दुखावता हे कसं सांगू? आणि पालक विचारतात की मुलांना सायकलवर पाठवायचं का, त्यांना काय सांगू?

– एक रचना सहायक

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. नगर रचनेच्या कामातून निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली. तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून तुला 'तू' म्हणते.

त्या बाईंचा प्रश्न मनाला लागला, हे चांगलं झालं. मला तो कुणी विचारायला तिशी उलटून जावी लागली, तोवर मी चार गावांच्या योजना आखून मोकळी झाले होते. आपण नकाशावर रस्त्याची रुंदी लिहितो, १२ मीटर, १८ मीटर, २४ मीटर. त्या आकड्यात डांबराची कड तुटून झालेला वीतभर खड्डा येत नाही, चहाच्या टपरीसमोर आडव्या लावलेल्या मोटारसायकली येत नाहीत, आणि सकाळी सात वाजता टँकर भरायच्या जागेसमोर होणारा चिखल तर येतच नाही. मुलांचा रस्ता या गोष्टींनी बनलेला असतो.

तेव्हा सुरुवात चालण्यापासून कर. नुसतं एकदा जाऊन येणं उपयोगाचं नाही. एखाद्या मुलाच्या घराच्या उंबऱ्यापासून निघ आणि वर्गाच्या दारापर्यंत जा. बहुतेक अहवाल शाळेच्या फाटकासमोरचे ५० मीटर रंगवून थांबतात, पण मूल तिथवर येतं कसं, हे त्यात कुठेच नसतं. एक दिवस सोसायटीतल्या तिसरीतल्या मुलाबरोबर, एक दिवस गावठाणातल्या नववीतल्या मुलीबरोबर. सकाळी जा आणि शाळा सुटतानाही जा. सुटायची वेळ मला नेहमीच जास्त धोक्याची वाटत आली आहे. सकाळी मुलं उशिराच्या धास्तीनं का होईना, एका रांगेत चालतात. सुटल्यावर ती फुटलेल्या पोत्यातल्या दाण्यांसारखी चहूकडे पसरतात. एक फेरी पाऊस पडत असताना कर. छत्री घेतलेल्या मुलाला बाजूनं येणारं काही दिसत नाही, आणि साइडपट्टीवर पाणी साचलं की सगळी मुलं डांबरावर येतात.

पहिल्या दिवशी टेप काढू नकोस, नुसती बघ. मुलं नेहमी तिघं-चौघं शेजारी शेजारी चालतात, कारण ती बोलत असतात. त्यांना एकामागून एक चाला म्हणून कितीही दटावलं तरी दहा पावलांत ती परत शेजारी येतात. भारतीय रस्ते काँग्रेस म्हणजे रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणारी संस्था, तिची पादचाऱ्यांच्या सोयींसाठी जी १०३ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे, तिच्यात वस्तीतल्या पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मोकळी म्हणजे विजेचा खांब, डीपी, झाडाचा पार, जाहिरातीचा फलक हे सगळं सोडून उरलेली. पदपथ ९० सेंटिमीटरचा केलास, तर तिसरं मूल डांबरावरच असणार, आणि मग लोक म्हणणार की पदपथ दिला तरी पोरं रस्त्यावरच चालतात.

दुसरी गोष्ट, मुलांकडूनच नकाशा काढून घे. चौथीच्या वर्गात कोरे कागद वाट आणि सांग, घरून शाळेत येताना काय काय लागतं ते काढा. मी हे तीन शाळांमध्ये केलं आहे. मुलं रस्त्याची रुंदी काढत नाहीत. ती कुत्री काढतात, उघडं गटार काढतात, बोरीचं झाड काढतात, दारूचं दुकान काढतात. एका मुलानं एकच चाक काढलं होतं, कागदाच्या अर्ध्याहून मोठं. गुरुजींना विचारलं तेव्हा कळलं की तो जिथून ओलांडतो तिथे वळणावर ट्रक उभे असतात आणि त्याच्या उंचीवरून त्याला फक्त चाक दिसतं. सात वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरही वर नसतात. उभ्या गाडीच्या आडून ते डोकावतं तेव्हा ड्रायव्हरला ते दिसत नाही आणि त्याला ड्रायव्हर दिसत नाही. त्या वळणावर दोन्हीकडचे १५ मीटर वाहनं उभी करायला मनाई केली, तर रंगाच्या दोन डब्यांत आणि एका फलकात निम्मं काम होतं. फक्त तो फलक पाळला जातोय का हे बघणारं कुणीतरी हवं.

मोठ्या मुलींचं मात्र वेगळं विचार. नावाशिवाय चिठ्ठ्या लिहून एका डब्यात टाकायला सांग, आणि तो डबा शाळेतल्या बाईंनीच उघडायचा. कुठल्या वळणावर कोण उभं असतं, कुठला दिवा लागत नाही, हे त्या तुला तोंडावर सांगणार नाहीत. मुलीचं शिक्षण अर्धवट सुटतं तेव्हा कारण म्हणून घरचे बरेचदा अंतर सांगतात. त्या अंतरातले नेमके कुठले दोनशे मीटर, हे कुणी विचारत नाही. सातवीनंतर दुसऱ्या शाळेत जायचं असतं तिथे तर हे हमखास होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा ठरवून दिली, पण तो किलोमीटर चालण्याजोगा आहे का, हे बघायचं काम कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही. ते तू तुझ्या नावावर घेते आहेस असं समज.

आता तो राज्यमार्ग. डांबर सात मीटर असेल, पण साइडपट्ट्या धरून मुलाला दहा मीटर ओलांडावे लागतात. पाठीवर दप्तर असलेलं लहान मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं, म्हणजे दहा सेकंद. ताशी ६० किलोमीटरनं येणारा ट्रक दहा सेकंदांत १६० मीटरहून जास्त येतो. तेव्हा ओलांडायच्या जागेवर उभी राहून बघ, दोन्हीकडे १६० मीटर रस्ता मोकळा दिसतो का? मुलाच्या उंचीवर वाकून बघ. दिसत नसेल तर 'बाळांनो, नीट बघून रस्ता ओलांडा' हा उपदेश फोल आहे. सायकलवरच्या त्या मुलानं नीट बघितलंही असेल, त्याला दिसलं नसेल. आणि दिसलं तरी येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाज लहान मुलांना धड करता येत नाही, तो वयानुसार हळूहळू येतो.

म्हणून सगळी मेहनत वेगावर घाल. ताशी ५० च्या वेगात ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवायच्या आतच गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते आणि थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावर, सुमारे २८ मीटर. ताशी ३० ला हाच हिशेब १३ मीटरच्या आसपास येतो. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन. त्याला याहून जास्त अंतर लागतं. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यात जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सांगितली, ती यामुळेच.

पण फलकानं वेग कमी होत नाही, रस्त्याच्या घडणीनं होतो. विद्यालयासमोर उंचावलेला झेब्रा माग, म्हणजे पदपथाच्या पातळीला आलेला सपाट ओटा, त्यावरून मुलं ओलांडतील आणि वाहनांना चढावं लागेल. मध्ये दीड-दोन मीटरचं थांबायचं बेट माग, म्हणजे एका वेळी एकाच बाजूकडे बघायचं. दहा सेकंदांचे दोनदा पाच होतात. गतिरोधक हवा असेल तर शास्त्रानं कर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतला गोल माथ्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगाला तो त्रास देत नाही. गावात रात्रीतून डांबराचा ढिगारा टाकतात, त्यावर दुचाकीवरच्या मागे बसलेल्या आया उडून पडल्याचं मी पाहिलं आहे. राज्यमार्गावर यातलं काहीही करायला सार्वजनिक बांधकाम विभागाची मंजुरी लागेल, आणि रस्ता सुरक्षा समितीत हा विषय आधीच आलेला असल्यानं ती मागायला तुला दार उघडं आहे.

पादचारी पुलाचं मात्र मला स्पष्ट सांगू दे. तो करू नका. महामार्गावर खाली ५.५ मीटर मोकळी उंची ठेवावी लागते, त्यावर पुलाची जाडी. १५ सेंटिमीटरची एक पायरी धरली तरी ४० पायऱ्या चढून ४० उतरायच्या. सायकल घेऊन कोण चढणार? पाठीवर दप्तर घेऊन रोज कोण चढणार? मुलं खालूनच जाणार आणि पुढचा अपघात झाला की चौकशीत लिहिलं जाईल, 'पूल असूनही वापर केला नाही'. म्हणजे दोष मुलावर. शहरांमधले रिकामे पूल, त्यांच्या जिन्यावरचा कचरा आणि लघवीचा वास तू पाहिलाच असशील. रस्ता ओलांडणारा माणूस जमिनीवर राहिला पाहिजे, वाहनानं हळू झालं पाहिजे.

इथे मला माझं एक सांगायचं आहे. फार वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावाच्या विकास योजनेवर मी काम करत होते. गाव नकाशावर वस्तीपासून शाळेपर्यंत एक तुटक रेघ होती. पायमार्ग. ओढ्याच्या कडेनं जाणारा, चिंचेखालून. आम्ही शेजारून १८ मीटरचा रस्ता आखत होतो, त्यामुळे ती रेघ मी सोडून दिली आणि तिथे सगळं क्षेत्र निवासी दाखवलं. कायद्याप्रमाणे प्रारूप योजना, म्हणजे योजनेचा मसुदा, प्रसिद्ध झाली, हरकतींना मुदत दिली. त्या वाटेबद्दल एकही हरकत आली नाही. दहा-अकरा वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेले तेव्हा शाळेतल्या बाई म्हणाल्या की पूर्वी मुलं चारशे मीटर चालून यायची, आता प्लॉटच्या भिंती झाल्या आणि मोठ्या रस्त्यानं सव्वा किलोमीटर वळसा घालून येतात. त्यातला बराचसा रस्ता मी आखलेला होता. त्या वाटेनं जाणाऱ्या माणसांना आमचा नकाशा कुठे लावलाय हेच माहीत नव्हतं, मग हरकत कोण घेणार? ती चूक माझी होती, आणि ती मी कुठल्याही अहवालात लिहिलेली नाही, म्हणून इथे लिहिते.

तू तलाठ्याकडून मूळ गाव नकाशा काढ. त्यावर दुहेरी तुटक रेषा दिसेल ती गाडीवाट, एकेरी तुटक रेषा तो पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, म्हणजे अडीच मीटर. वर सांगितलेल्या १.८ मीटरहून जास्त! पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, शिवरस्ता म्हणजे गावाच्या शिवेवरचा रस्ता, ओढ्याकाठची वाट, यांतल्या किती वाटा राज्यमार्गाला टाळून शाळेकडे जातात ते बघ. कुठे नांगर घालून वाट मोडली असेल, कुठे कुंपण घातलं असेल. अडवलेली वाट खुली करून द्यायचा अधिकार मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे आहे, आणि सध्या पाणंद मोकळ्या करायच्या कामाला महसूल खात्याचाही जोर आहे. गावातले म्हातारे, पोलीस पाटील, कोतवाल यांना घेऊन फिर, त्यांना प्रत्येक वाट पाठ असते. मोकळी झालेली वाट मुरूम टाकून दाबली, दोन सौर दिवे लावले, ओढ्यावर एक छोटी मोरी केली, तर कदाचित चार किलोमीटरच्या सायकल ट्रॅकपेक्षा जास्त मुलं त्या वाटेनं जातील. आणि मग ती प्रारूप योजनेत चालण्याची-सायकलची वाट म्हणून नावानिशी दाखव, म्हणजे माझ्यासारखी कुणी ती पुन्हा पुसणार नाही.

तुझ्या टेबलावरून होण्यासारखं आणखी एक आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या सोसायट्यांबद्दल तू लिहितेस त्यांचे लेआउट तुझ्याच कार्यालयातून मंजूर होतात. प्रत्येक सोसायटी चारी बाजूंनी भिंत घालते आणि राज्यमार्गाकडे एकच फाटक ठेवते. शेजारच्या दोन सोसायट्यांतली मुलं एकाच वर्गात असली तरी भिंतीपलीकडे जायला त्यांना राज्यमार्गावर यावं लागतं. नव्या लेआउटची फाइल आली की विचार, मागच्या बाजूनं शाळेकडे तीन मीटरची पायवाट निघते का? अंतर्गत रस्ता शेजारच्या जमिनीपाशी बंद होतोय की पुढे जोडला जातोय? फाइल मंजूर व्हायच्या आधी हा बदल विकासकाला एका रेघेचा असतो. भिंत उभी राहिल्यावर तोच कोर्टाचा विषय होतो.

आणि टँकर. त्या मुलाला टँकरनं उडवलं म्हणून गाव टँकरवाल्यावर चिडलं, ते समजतं. पण टँकर सकाळी सातला कुणाकडे चालले होते? सोसायट्यांकडे. नळाचं पाणी नसताना विकासकाचं हमीपत्र घेऊन परवानग्या दिल्या जातात आणि ते पाणी मग रस्त्यावरून चाकांवर येतं. हे मोठं दुखणं तू एकटी सोडवू शकणार नाहीस, तरी तुझ्या टिपणीत ते लिही, कारण पाण्याचा आणि शाळेच्या रस्त्याचा संबंध फाइलवर यायला हवा. तोवर एक गोष्ट पैशाशिवाय होते. सोसायट्यांच्या कमिट्यांना एकत्र बसव आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा सोडून टँकर मागवा म्हणून सांग. ती त्यांचीच मुलं आहेत. चौथीपर्यंतच्या वर्गांना सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं आहे, त्यामुळे धाकट्यांची आणि मोठ्यांची वेळ वेगळी असेल. दोन्ही वेळा धरून टँकर बंद ठेवायचे तासाभराचे अवधी ठरवा.

कुणाकडे काय मागायचं याचा गोंधळ होईल, म्हणून थोडक्यात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे, गावठाणातले ग्रामपंचायतीचे. मूल एका सकाळी या तिघांच्याही हद्दीतून चालतं, त्याला त्यातलं काही माहीत नसतं. म्हणून तिघांच्या माणसांना एकाच वेळी चालायला घेऊन जा. जपानमध्ये २०१२ साली कामेओका इथे शाळेत चाललेल्या मुलांच्या रांगेत गाडी घुसली, त्यानंतर देशभर शाळा, रस्त्याचे मालक आणि पोलीस यांनी मिळून शाळांच्या ठरलेल्या वाटा तपासल्या. तीन वेगवेगळे अहवाल करायचे नाहीत, एकाच वाटेवर तिघांनी उभं राहायचं. तुझ्याकडे अधिकार नसेल पण निमंत्रण द्यायला पद लागत नाही. शाखा अभियंता, ग्रामसेवक, वाहतूक शाखेचा एक हवालदार, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. तिचा ठराव घे. ठराव फाइलला जोडला की ती तुझी एकटीची मागणी राहत नाही. विद्यालयात शालेय परिवहन समितीही असायला हवी. ती एरवी बसपुरतंच बोलते, तिच्यापुढे चालणारी मुलं आण.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. आर.एस.पी.ची, म्हणजे शाळेतल्या रस्ता सुरक्षा दलाची, मुलं टोप्या घालून ट्रक थांबवायला उभी करू नका. ती मुलं रांग लावायला, धाकट्यांचा हात धरायला ठीक आहेत. वाहन थांबवायचं काम मोठ्या माणसाचं आणि तेही वर्दीतल्या किंवा प्रशिक्षित माणसाचं.

आता पालकांचं. त्यांना आज 'पाठवा' असं सांगू नकोस. ज्या रस्त्यावर तुला स्वतःला सायकल चालवायची भीती वाटेल तिथे दुसऱ्याचं मूल घालायला सांगायचा हक्क आपल्याला नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात त्या वर्षी ३२,८२५ पादचारी आणि ४,८३६ सायकलस्वार मेल्याची नोंद आहे. पालकांची भीती खरी आहे, तिला गैरसमज म्हणू नकोस.

पण भीतीचं पुढे काय होतं तेही त्यांच्यासमोर मांड. प्रत्येक जण आपलं मूल दुचाकीवर सोडायला आला की शाळेच्या फाटकाशी शंभर दुचाकी आणि चाळीस गाड्या उलटसुलट वळतात आणि चालत येणाऱ्याला त्याच सगळ्यात धोक्याच्या होतात. फाटकापासून दोनशे मीटरवर उतरवायची जागा ठरवा, पुढचं सगळ्यांनी चालायचं. आणि नववी-दहावीतली मुलं स्कूटर घेऊन येत असतील, तुझ्याही गावात येतच असतील, तर पालकांना सांग की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. मी ही धमकी म्हणून सांगत नाही. सायकलसाठी रस्ता नसला की मूल सायकल सोडून स्कूटरवर जातं, आणि मग ते स्वतःलाही धोका आणि धाकट्यांनाही. शासन मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देतं, ही फार चांगली गोष्ट आहे. अशा सायकली पावसाळ्यानंतर घराच्या भिंतीला टेकलेल्या मी पाहिल्या आहेत. चाकात हवा होती. आई म्हणाली, रस्ता ओलांडायचा आहे ना.

तेव्हा पालकांना टप्प्यानं सांग. आजपासून धाकट्यांनी टोळीनं चालायचं, पुढे-मागे एकेक मोठं माणूस, पाळीपाळीनं. सोसायटीतल्या दोन आजी आणि गावठाणातले एक निवृत्त गुरुजी पुढाकार घेतील, हे माझं अनुभवाचं बोलणं आहे. पदपथ नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं चालायचं. विद्यालयासमोरचं ओलांडणं सुरक्षित झालं आणि पाणंद मोकळी झाली की आठवीच्या पुढच्यांनी सायकल. दहा वर्षांखालच्यांनी राज्यमार्गावर एकट्यानं सायकल चालवायची नाही, तो कितीही रंगवला तरी.

राहिले साहेब. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांचा डीपीआर त्यांना करू दे. सल्लागार नेमणं, निविदा, मंजुरी यात दोन वर्षं जातील आणि आज आठवीत असलेली मुलं तोवर दहावी होतील. तू दोन पानांची टिपणी ठेव. विषय लिही, 'तातडीनं करावयाची अल्प खर्चाची कामं'. पहिल्या पानावर चालून काढलेला नकाशा, त्यावर सात-आठ जागा, प्रत्येक जागेपुढे रस्ता कुणाच्या मालकीचा, काय करायचं आणि कोणत्या महिन्यापर्यंत. दुसऱ्या पानावर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मुलांनी काढलेल्या चित्रांपैकी एक. त्यात तसं एखादं चाक असलं तर तेच. शिवाय एवढं नमूद कर की सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये अडथळ्याविना पदपथ वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधला हक्क मानला आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या १९८अ कलमात रस्त्याच्या रचनेचे निकष न पाळणाऱ्या प्राधिकरणाला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. साहेबांना हे अडचणीचं वाटणार नाही. वरिष्ठांसमोर सही करायला त्यांना असाच आधार हवा असतो. पुलाचा विषय तू बोलू नकोस. त्यांना एकदा शाळा सुटायच्या वेळी तिथे घेऊन जा आणि पायऱ्या कुठे उतरतील ते फक्त दाखव.

काम झाल्यावर परत मोज. आधी किती मुलं चालत येत होती, किती सायकलवर, किती मागे बसून, हे आत्ताच वर्गात हात वर करायला सांगून लिहून ठेव, नाहीतर वर्षानं काय बदललं ते कुणालाच सांगता येणार नाही. वेगही मोज: दोन खांबांमधलं अंतर टेपनं घे आणि मोबाइलच्या घड्याळावर पन्नास वाहनांची वेळ लिही. त्याला कुठलं यंत्र लागत नाही, नववीची मुलं गणिताच्या तासाला आनंदानं करतील.

त्या बैठकीतल्या बाईंचा फोन नंबर मुख्याध्यापकांकडे असेल. माफी वगैरे मागू नकोस. त्यांना विचार, उद्या तुम्ही घरून किती वाजता निघता, मीही येते.